सगळ्यांना ‘व्हय’ म्हणणारा माणूस

आण्णा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला रागाने लिहिते आहे. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यावर कधी आवाज चढवला नाही, कारण चढवायला तुम्ही जागाच ठेवत नव्हतात. मिरजेत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपलं सलून होतं. दोन खुर्च्या, एक बाकडं आणि बाकड्यावर दोन वर्तमानपत्रं, एकमेकांना पाण्यात पाहणारी. ज्याला जे पटायचं ते तो उचलायचा. खुर्चीतला माणूस सरकारला शिव्या घालायचा आणि तुम्ही त्याच्या गालावर ब्रश फिरवत म्हणायचात, “व्हय की.” तो उठला की पुढचा त्याच सरकारचं कौतुक करायचा, आणि तुम्ही तितक्याच मनापासून म्हणायचात, “खरं हाय तुमचं.” मी शाळेतून येऊन त्या बाकड्यावर बसायची आणि वाट बघायची, की कधीतरी हा माणूस एखाद्याला ‘न्हाई’ म्हणेल.

कॉलेजात असताना एकदा मीच म्हटलं. डबा घेऊन आले होते. खुर्चीतला माणूस रेल्वेलाईनच्या कडेची झोपडपट्टी उठवायला हवी, असं सांगत होता आणि तुम्ही मान हलवत होतात. मी मध्ये बोलले की ती माणसं उठून जाणार कुठे. तो अर्ध्या दाढीचा, एका गालावर फेस घेऊन उठायला लागला. तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलंत, माझ्या वतीने माफी मागितलीत आणि मला घरी जायला सांगितलंत. रात्री आई भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसून खाली मान घालून जेवताय. मग ताटाकडे बघतच म्हणालात, “माणसाच्या गळ्याला वस्तरा लागलेला असतोय तवा त्याच्याशी वाद घालायचा नसतोय.” मी विचारलं, पण तुम्हाला स्वतःला काय वाटतं? तुम्ही आईकडे आमटी मागितलीत.

ती आमटी मला अजून पचलेली नाही.

आता मी साताऱ्यात अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते. दर वर्षी फळ्यावर डोळा काढते आणि मुलांना सांगते, की डोळा काही कॅमेरा नव्हे. एकाला बसलेली घडी विस्कटली की आधी भीती वाटते, दुसऱ्याला कुणी चिरडला जाताना दिसलं की आधी चीड येते. ज्याला जे आधी जाणवतं तेच त्याला दिसतं, आणि कारणं आपण मागाहून जुळवतो. म्हणून विरुद्ध मताचा माणूस मूर्ख किंवा बदमाश असतोच असं नाही. मुलं माना डोलावतात, वहीत उतरवून घेतात. पेपरात चांगलं लिहितात. आणि मी, जी हे शिकवते, ती स्वतःच्या सख्ख्या धाकट्या भावाशी चार वाक्यं धड बोलू शकत नाही.

सलून तोच चालवतो, हे तुम्हाला आवडलं असतं. एसी बसवलाय, खुर्च्या मागे कलतात. पण आता तिथे एकच वर्तमानपत्र येतं आणि भिंतीवरच्या टीव्हीवर एकच चॅनेल लागलेलं असतं. दुसऱ्या बाजूची गिऱ्हाइकं चौकापलीकडच्या दुकानात जातात. त्याचं त्याला काही वाटत नाही. उलट म्हणतो, बरं झालं, डोक्याला ताप नाही.

गेल्या पावसाळ्यात आई मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. मिरजेतच ऑपरेशन झालं. मी रजा टाकून आले. आम्ही दोघांनी आपसांत न बोलता ठरवलं होतं, की आईसमोर राजकारण काढायचं नाही. चहा, औषधं, डॉक्टर काय म्हणाले, एवढंच. ते निभावलंही. मग एका दुपारी रस्त्यावरून घोषणा ऐकू आल्या. हॉस्पिटलची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. आम्ही दोघेही खिडकीशी गेलो, खांद्याला खांदा लावून. खाली मोर्चा, पोलीस, कडेला फळांचा एक गाडा. गर्दी एकदम हलली आणि गाडा आडवा झाला. मोसंबी रस्ताभर.

आईने पडल्या पडल्या विचारलं, काय झालं गं? मी म्हणाले, पोलिसाने एका पोराला ढकललं, तो गाड्यावर आदळला. त्याच क्षणी भाऊ म्हणाला, पोरांनी गाडा उलटा केला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. थट्टा नव्हती, आण्णा. मला खरंच वाटलं की तो मुद्दाम खोटं बोलतोय, आणि त्याच्या चेहऱ्यावर अगदी तेच माझ्याबद्दल होतं.

“अक्का, तू बघितलंस तरी का? तुझं आधीच ठरलेलं असतंय.”

“आणि तुझं?”

संध्याकाळपर्यंत त्याच्या मोबाईलवर त्या घटनेचा व्हिडिओ आला. आम्ही आईच्या कॉटवर बसून तो पुन्हा पुन्हा पाहिला. त्यात पोरं पुढे घुसताना दिसत होती आणि एक खाकी बाही पुढे येतानाही दिसत होती. मी म्हणाले, बघ. तोही म्हणाला, बघ. शिकवलेलं सगळं मला त्या वेळी आठवत होतं, आणि त्याचा काडीचा उपयोग होत नव्हता. उलट मनात येत होतं, की हे सगळं याला लागू आहे, मला नाही.

शेवटी मी खाली जाऊन त्या गाडेवाल्याला विचारलं. तो मोसंबी पुसून पुन्हा रचत होता. मी म्हटलं, पोलिसाने ढकलल्यामुळे झालं ना हे? तो म्हणाला, “व्हय ताई, आमाला कोण इचारतंय.” मी जिना भराभरा चढले. खोलीत जाऊन सांगितलं. भाऊ हसायला लागला. स्टुलावरच्या पिशवीकडे त्याने बोट केलं. दुपारीच तो त्याच गाड्यावरून मोसंबी घेऊन आला होता आणि गाडेवाल्याने त्याला सांगितलं होतं, की व्हय साहेब, पोरांनीच केलं.

त्या गाडेवाल्याचा मला राग आला नाही. त्याला तिथेच उद्या पुन्हा गाडा लावायचा होता. राग आला तो तुमचा, आणि इतका, की माझ्या तोंडून निघून गेलं, अगदी आण्णांसारखा आहे हा. भावाला ते झोंबलं. तो म्हणाला, आण्णांना मध्ये आणू नको, आण्णा आमच्या विचाराचे होते. मी म्हटलं, काहीतरीच काय, आण्णा कधीच तसले नव्हते. मी पुरावा दिला, की सातारला निघाले तेव्हा त्यांनी दुकानातला ट्रान्झिस्टर मला दिला आणि बातम्या ऐकत जा म्हणाले. ती माझ्या मतांना दिलेली दादच होती. भावाने ते उडवून लावलं.

“अगं, बातम्या लागल्या की गिऱ्हाइकं भांडायची. म्हणून त्यांनी तो दुकानातनं काढला. तुला दिला, एवढंच.”

माझ्या आयुष्यातली एक भेट त्याने एका वाक्यात काढून घेतली. ते खरं असेलही. तुम्ही देताना आणखी काही बोलला असतात, तर मला आज त्याला उत्तर देता आलं असतं. आईने डोळे मिटले होते, आम्हाला वाटलं झोपली असेल. “तुमचा बाप कुणाला मत द्यायचा ते त्यानं मला बी कवा सांगितलं न्हाई,” ती म्हणाली. “आन मी मघापास्नं पाणी मागतीया.”

डिस्चार्ज मिळाल्यावर महिनाभर तिला सातारला न्यायचं मी आधीच ठरवलं होतं. खाली वाट बघणाऱ्या गाडीत तिची पिशवीसुद्धा ठेवली होती. भावाने ती काढून घेतली. म्हणाला, “तिकडं नेऊन तिच्या डोक्यात काय काय भरशील, मला ठावं हाय.” मी त्याला म्हणाले, की तुझ्या दुकानाने अर्ध्या गावाला दार लावलंय, आता आईलाही कोंडून ठेव. आई वॉकर धरून आमच्या मध्ये उभी होती. तिला फार वेळ उभं राहता येत नव्हतं. मग ती मुकाट्याने त्याच्या बरोबर गेली, आणि मी मोकळी गाडी घेऊन सातारला आले.

तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही. दिवाळीला मी गेले नाही, तो आला नाही. आईचा फोन येतो. मी तिला काही सांगते, कधी सरकारबद्दल, कधी त्याच्याबद्दल, आणि ती म्हणते, “व्हय बाई.” पूर्वी ती मला ताडकन तोडायची, तुम्हाला आठवत असेल. आता तोडत नाही. तिकडे त्यालाही ती असंच म्हणत असणार. एका घरात दोन माणसं सांभाळायची तर दुसरं काय करायचं, असं तुम्ही म्हणाल. पण बघा ना, आम्हा दोघांना तुम्ही कधी विरोध केला नाहीत, म्हणून आम्ही दोघेही तुम्हाला आपला समजून बसलो. तुमच्या शांतपणात ज्याने त्याने आपापलं मत भरलं. एकदा तरी मला म्हणायचंत, की पोरी, तू चुकतीयास. किंवा त्याला. मी चिडले असते, रडले असते, पण तुम्ही कुठे उभे होतात ते तरी कळलं असतं.

कधी वाटतं, वर्गात सांगते त्यात मी एक गोष्ट गाळते. आपल्याला असं का दिसतं हे कळल्याने, जे दिसतं ते बदलत नाही. मी आजही डोळे मिटले की मला ती खाकी बाहीच आधी दिसते.

हे पत्र कुठे टाकायचा प्रश्नच नाही. भावाला दाखवावं असंही मनात आलं होतं, पण तो यातलं नेमकं काय वाचेल ते मला माहीत आहे. फक्त एक सांगते, हे घरात कुणाला ठाऊक नाही. रोज सकाळी उठल्यावर मी आधी त्याचं व्हॉट्सॲप स्टेटस बघते. त्यात मला संताप येईल असंच काहीतरी असतं आणि तो येतोच. ते बंद करता येतं, माझ्या मुलीने मला दाखवलंय कसं. मी केलेलं नाही. गेल्या आठवड्यात दोन दिवस त्याने काहीच टाकलं नाही, तेव्हा मी वर्ग मध्येच थांबवून बाहेर येऊन आईला फोन केला आणि तिच्या खुब्याची चौकशी करत बसले, भाऊ बरा आहे ना हे तिच्या बोलण्यातून आपोआप येईपर्यंत.