ओवीच्या वीस चकत्या

१२ एप्रिल २००३, दुपारी.
वही सुरू. सांगणार मी, लिहिणार नात ओवी. वाचणार फक्त मी, आणि मला अक्षर येत नाही. याहून पक्कं कुलूप मिळायचं नाही.
ओवी कॉम्प्युटरच्या कॉलेजात. सध्या एका प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धेत आहे, देशोदेशीचे लोक घरबसल्या खेळतात. लहानमोठ्या वीस चकत्या. त्या सगळ्या मावतील असं लहानात लहान गोल रिंगण शोधायचं. एवढंच. ओवी म्हणाली, आजी, अमेरिकेतले प्रोफेसर अडलेत. अडतील. त्यांच्यात पापड कोण घालतं?

१५ एप्रिल.
यशोधननं, म्हणजे माझ्या लेकानं, फर्मान काढलं. १० मेपर्यंत पहिल्या शंभरात नंबर नाही आला, तर घरातलं नेट बंद आणि बँकेच्या परीक्षेचा क्लास. ओवी जेवेना. म्हटलं, जेव. दोन दिवसांत सोडवून देते.

१८ एप्रिल.
सुटलं नाही. सुनेनं चकत्यांचा पुठ्ठा वाकडा कापला.

२३ एप्रिल.
नवा पुठ्ठा, नव्या चकत्या. मोठी मधोमध ठेवली की बाकीच्या रुसतात. कडेला ठेवली की मध्ये भगदाड. सुनेला म्हटलं, सरोजिनी, अगदी तुझ्या माहेरच्या लग्नासारखं, एकीला बसवली की दुसरी उठते. चहा उशिरा आला.
उद्यापासून पहाटे बसायचं. ठरलं.

२४ एप्रिल.
पहाटे गुडघा धरला.

१ मे.
ओवीचा प्रोग्रॅम चार दिवस अखंड चालतोय. नंबर १३१. तिनं विचारलं, तुझं कुठवर आलं? म्हटलं, आलंच. खरं तर सातव्या चकतीच्या पुढे गाडी जात नाही. हे लिहू नको म्हटलं, तरी पेन चालूच आहे.

८ मे, संध्याकाळी.
बसल्या. विसाच्या वीस. ओवीनं दोनदा मापलं. पहिल्या नंबरवाल्यापेक्षा माझं रिंगण लहान. यशोधन पेढे घेऊन आला. म्हणाला, आई, तू शिकायला हवी होतीस. म्हटलं, तुझ्या आजोबांना विचार, सायखेड्याला माझ्या हाती शाळेऐवजी शेळ्या दिल्या त्यांनी.
ओवीनं स्वतःचा प्रोग्रॅम बंद केला. आता माझे आकडे भरतेय.

९ मे.
स्पर्धेतून उत्तर परत आलं. म्हणे, चकत्या एकमेकींवर चढल्यात. ओवीनं वाकून पाहिलं. खरंच, प्रत्येकीची कड गव्हाभर शेजारणीवर. म्हटलं, मग? ओले पापड मी चाळीस वर्षं असेच घातले. वाळला की आकसतो, आपोआप सुटा होतो. ओवी म्हणाली, आजी, हा पुठ्ठा आहे. म्हटलं, एक ऊन तर दाखव.
ती हसली नाही. प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. पण तो म्हणे पहिल्यापासून मोजतो.

१० मे.
ओवीचा नंबर १०७. मी चकत्या गच्चीत घातल्या होत्या. आकसल्या नाहीत, नुसत्या वाकल्या. दिवसभर राखण केली, ती कावळ्यांपासून.

१९ मे.
आज सून लिहितेय. म्हटलं, लिही, सात नंबरांनी हुकलं, त्यात उन्हाचा दोष. ती म्हणाली, लिहिते.
नेट फोनच्याच तारेवर चालायचं, ते काढल्यापासून फोन मोकळा असतो. कोणाचा येत नाही.
ओवी क्लासवरून आली. विचारलं, काय शिकवलं? म्हणाली, टक्केवारी. म्हटलं, अडलं तर विचार हो.
म्हणाली, नको, आजी.