खंड्याची माळ

॥ श्री ॥

चकलांबा, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८४८

चिरंजीव त्रिंबक यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. ज्वारी पोटरीत आली आहे, थंडी बरी पडली आहे. हैदराबादेस अंगावर घ्यायला तुझ्याकडे काही आहे का, ते तू कळवत नाहीस, म्हणून विचारायचं मी सोडलं आहे. तुझ्या प्रत्येक पत्रात विचारपूस एकाचीच: खंड्या कसा आहे? तेव्हा खंड्याचंच लिहिते. आप्पांनी हरिपाठ वाचता यावा म्हणून माझ्याकडून अक्षरं गिरवून घेतली, ती कुत्र्याच्या खुशालीला कामी येत आहेत.

दिवाळीपासून खंड्याला खाववेना. भाकरीचा तुकडा तोंडात धरायचा आणि सोडून द्यायचा. लाळ गळायची, तोंडाला घाण यायची. गाल सुजला तेव्हा मी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "दुधात गूळ घालून दे, नरम लागंल." गूळच रोग आणि गूळच औषध, पण आम्हाला कुठे ठाऊक!

तू गेल्यावर काय झालं ते मी तुला लिहिलं नव्हतं. तू हसला असतास, आणि तेव्हा मला ते सोसलं नसतं. खंड्यासाठी तू आणलेलं हाड तुळशीपाशी सापडलं, आप्पा नको ते बोलले, आणि "मग कुत्र्याला दात कशाला दिले देवानं?" म्हणत तू गळ्यातली माळ काढून त्यांच्या हातावर ठेवलीस. तू वेशीबाहेर पडलास न पडलास तोच ती माळ त्यांनी खंड्याच्या गळ्यात घातली. म्हणाले, "माज्या घरात कुत्रंबी माळकरीच ऱ्हाईल." तेव्हापासून खंड्या माळकरी. रोज दूधभाकरीचा काला, एकादशीला रताळं आणि गूळ. शेजारच्या छबुबाई त्याला 'खंडूबुवा, रामकृष्णहरी' म्हणून हात जोडायच्या.

गेल्या आठवड्यात बुळकांडीची सुई टोचायला सरकारी सलोत्री, गुरांचा डॉक्टर, आला. साथ येण्याआधी टोचून घेतलं तर गुरं वाचतात म्हणे; तरी निम्म्या गावाने आपली गुरं रानात दडवली. आप्पांनी मात्र बैल चावडीपुढे नेले, आणि बैलांमागून खंड्याला. सलोत्रीने आधी त्याच्या गळ्यातली माळ पाहिली, मग तोंड उघडलं. दातांवर पिवळी खपली, हिरड्या लालभडक, मागची एक दाढ किडून हलत होती. ती त्याने चिमट्याने उपटली. खंड्या केकाटला तसे आप्पांनी डोळे मिटून घेतले. खपली खरवडून झाल्यावर सलोत्रीने त्याचं खाणंपिणं विचारलं आणि हात धूत म्हणाला, "बाबा, गूड बंद करो. चबाने को हड्डी देव. पका के नक्को, पकी हड्डी टूट के गले में फसती. कच्चीच देव. नहीं तो बाकी के दांत बी जाते, फिर ये खाता नहीं, मरता."

कच्चं हाड! खाटकाची गल्ली टाळायला मारुतीच्या देवळाला वळसा घालून जाणारा आपला बाप.

खरं सांगू, मला धास्ती कुत्र्याची तेवढी नव्हती. खंड्या गेला तर तू पत्र कशाला लिहिशील, याची होती. तुझं पत्र आलं की मी ओट्यावर बसून ते खंड्याला मोठ्याने वाचून दाखवते. आप्पा माजघरात असतात. वाचून संपेपर्यंत त्यांच्या अडकित्त्याचा आवाज येत नाही.

परवा बाजाराच्या दिवशी ते हातात पळसाच्या पानाचा पुडा धरून आले. नाकावर उपरणं. ओट्यावर बसले, खंड्याच्या गळ्यातली माळ काढली, आणि पुडा सोडून हाड त्याच्यापुढे सरकवलं.

"आप्पा, तुमी खाटकाकडं गेलतात?"

"कावून? मला पाय न्हाईत का?"

खंड्या पंजात हाड दाबून कुरतडायला लागला. त्याच्याकडे बघत आप्पाच म्हणाले, "कुत्रं मेलं तर पोरगं कागदबी टाकायचं न्हाई."

दोन वर्षं आम्ही एका घरात राहून एकच भीती दोन ठिकाणी सांभाळत होतो.

ते तिथून उठले नाहीत. हाड संपेपर्यंत बसले, मग विहिरीवर जाऊन आंघोळ केली. आता रोज सकाळी खंड्याचा ओठ वर करून ओल्या फडक्याने त्याचे दात पुसतात. सूज उतरली आहे, भाकरी खातो आहे.

ती माळ त्यांनी धुऊन तुझ्या टोपीच्या खुंटीला अडकवली आहे. मी विचारलं, "त्रिंबक आला तर घालायची का त्यानं?"

"त्याचं त्यो बघंल," म्हणाले. "घरात हाड आलं. पोराला कोन अडवतंय?"

हे लिही असं ते म्हणाले नाहीत, आणि लिहू नको असंही म्हणाले नाहीत.

खंड्याची खुशाली मी ही शेवटची कळवते आहे. यापुढे त्याच्याविषयी पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. त्याचे दात पाहायचे असतील तर येऊन पाहा.

तुझी वाट पाहणारी,
आक्का