पिठाचा डबा

१७ नोव्हेंबर, दुपारी अडीच

सौ. वहिनींना नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. तिकडेही ठीक असणार. नसतं तर दादाने फोन केला असता. ठीक असताना तो कधीच करत नाही. पाळणाघरात सध्या सहा मुलं आहेत. पाच झोपलीत. सहावी, वकीलबाई, वय वर्षं पाच, डोळे मिटून पडली आहे आणि मी काय लिहिते याचा कानोसा घेते आहे.

नवीन बातमी म्हणजे गेमना शिस्त लागली. खिडकीत एकाखाली एक दोन दोऱ्या बांधल्यात. वरच्या दोरीवर प्रत्येकाच्या रंगाचा कपड्यांचा चिमटा. टॅबवर वीस मिनिटं झाली, टायमर वाजला, की आपला चिमटा आपण खालच्या दोरीवर लावायचा. मग रडा, लोळा, आईला नाव सांगा, उद्यापर्यंत चिमटा वर जात नाही. पहिल्या आठवड्यात असा काही आकांत झाला की खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर काठी टेकत वर आले. आता मुलंच एकमेकांवर पहारा ठेवतात. मी नुसती न्यायाधीशासारखी बसते.

मागच्या रविवारी पालकांना बोलावून या विषयावर अर्धा तास बोललेसुद्धा. शिस्त दुसऱ्याने लावायची असली की लोकांना फार आवडते. उदाहरण म्हणून एका मुलीची गोष्ट सांगितली, जी न विचारता टॅब काढून दोन तास दाराआड खेळत बसली होती. नाव घेतलं नाही. तरी औषधाच्या दुकानातल्या बाई म्हणाल्याच, "तुमची भाची ना हो ती?" म्हणजे गोष्ट तुमच्या कानावर आली असणार. म्हणून हे पत्र.

म्हणून नाही खरं तर. सांगते.

तुमच्या मुंगीला माझ्याकडून नेलंत त्याला पाच आठवडे झाले. त्या दिवशी तुम्ही तासभर लवकर आलात. (उशिरा आला असतात तर... पण आत्याबाईला मिश्या असत्या तर, त्यातलंच ते.) ती दाराआड टॅब घेऊन बसलेली. तुम्ही विचारलंत, "हा कुणी दिला?" आणि मी ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून म्हणाले, "घेतला असेल डब्यातून. हल्लीची मुलं काय, विचारता का?" मागून मुंगीचा आवाज आला, "मीच घेतला." सहा वर्षांच्या मुलीच्या मानाने फार सावकाश बोलली. ऐकते की दादाने त्यानंतर घरातल्या कपाटांना कुलपं लावलीत, आणि पाहुण्यांसमोरही तिला "लपवून घेणारी" म्हणतो.

टॅब मी पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवते, तो डबा सर्वांत वरच्या फळीवर. काल टेप घेऊन मोजलं. फळी साडेसहा फुटांवर. स्टूल दीड फूट. मुंगीची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलने लिहिलेलीच आहे, तीन फूट सात इंच. हात वर केला तरी अर्धा फूट कमी पडतो, वहिनी. त्या दिवशी तुम्हीही मान वर करून पाहिलं नाहीत. पाहिलं असतं तर मी काय बोलले असते कोण जाणे.

डबा मी काढला. टॅबही मीच दिला. एखादं मूल तापलं होतं, दुधावरून धावपळ होती, असं लिहायचा मोह होतो. तसं काही नव्हतं. मोबाइलवर तो फळं फोडायचा गेम असतो ना, त्यात मी दोनशे चाळिसाव्या लेव्हलला अडकले होते. मुंगी दुपारी झोपत नाही आणि "आत्या, गोष्ट सांग" म्हणत राहते. टॅब दिल्यावर म्हणाली, "तू खेळ, मी कुणाला नाही सांगणार." तिने शब्द पाळला. मला साधं खरं बोलणंही जमलं नाही.

हे पाच आठवडे मी व्यवस्थित जेवले, झोपले, भाषण दिलं. परवा वकीलबाईने दोरी बघून विचारलं, "मावशी, तुझा चिमटा कुठाय?" म्हटलं, मी मोठी आहे. ती म्हणाली, "मग मोठा चिमटा लाव." लावला. काल टायमर वाजल्यावर माझ्या हातातून मोबाइल काढून घेऊन म्हणते, "एवढी लेव्हल संपू दे असं म्हणायचं नाही." मी तेच म्हणणार होते.

मुंगीला परत पाठवा असं माझं म्हणणं नाही. तुमच्या जागी मीही पाठवली नसती. पुढच्या रविवारी पालकांना पुन्हा बोलावलं आहे, तीच गोष्ट पुन्हा सांगेन, या वेळी नावासकट. माझ्या. त्यानंतर मुलं किती उरतात ते बघू.

एकच काम करा. हे पत्र तिला वाचून दाखवा. दादालाही दाखवा, पण आधी तिला. न गाळता. ती इथे नसली तरी दोरीवर तिचाही हिरवा चिमटा लावलाय, तो अजून वरच्या दोरीवरच आहे.

डब्यापर्यंत जिचा हात पोचतो, ती
तिची आत्या