गजूभाऊ, वायरी बरोबर होत्या

प्रिय गजूभाऊ,

आज सूतगिरणीतून आलो अन् सरळ कागद घेऊन बसलो. बायकोनं जेवायले बोलावलं, तं डोकं दुखते म्हटलं. तिले काय सांगू? तुमचं नाव खराब करून आलो मी, हे पहिले तुमालेच सांगा लागन.

तुमी गेल्यापासून गिरणीत सगळ्यायले एक खोड लागली. काही बिघडलं का म्हणतात, हे गजूभाऊचं काम हाय. मेलेला माणूस उलटून बोलत नाई न! मी यावरून भांडलो बी. अन् आज मीच!

चार नंबरच्या मशीनच्या मोटरचा एनकोडर गेलता, तो मी बदलला. मोटरमधला फिरता रोटर कुठं हाय हे मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हले तोच सांगते, म्हणून नवा बसवला का दोघायचं शून्य जुळवा लागते. किती शिव्या देऊन शिकवलं होतं तुमी मले! पण साहेब मांगं उभे होते, घाई करून राह्यले होते. मी न जुळवताच चालू केली. मोटर थरथरली, गुरगुरली अन् ड्राइव्ह ट्रिप होऊन मशीन बंद पडली.

साहेबानं विचारलं, काऊन? अन् माझ्या तोंडून निघून गेलं, "फेजच्या वायरी उलट्या हायेत. गजूभाऊनं जोडल्या होत्या."

त्याच वायरींवर मशीन इतकी वर्षं चालली, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाई, भाऊ. सगळ्यायनं माना डोलवल्या.

अन् मांगं वहिनी उभ्या होत्या, चहा घेऊन. तुमच्यामांगं त्यायले कँटीनमध्ये कामावर घेतलं, तुमाले कुठून माहीत असणार! त्यायनं किटली खाली ठेवली अन् साहेबाले हात जोडले. "माफ करजा साहेब. शेवटी शेवटी त्यायले कमी दिसे."

खरंच कमी दिसत होतं का भाऊ? मंग मले काऊन नाई सांगितलं? का वहिनीनं तुमाले झाकाले असंच सांगितलं? काहीही असो, मले मान वर करता येत नाई.

मंग मी मोटरचा डबा उघडला. तीनही फेज जागच्या जागी, तुमच्या हातच्या टेपासकट. गुपचूप शून्य जुळवलं. मोटर लोण्यासारखी फिरली. साहेबानं पाठ थोपटली, मी थोपटू देल्ली. जाताना वहिनी म्हणाल्या, "भाऊ, तुमी होते म्हणून त्यायची चूक निभली."

थू माझ्यावर.

उद्या शिफ्ट बदलताना दोन्ही पाळ्यांची माणसं त्या मशीनपाशी असतात. तिथं वहिनीले बोलावीन, साहेबाले बोलावीन अन् सगळ्यायसमोर खरं सांगीन. नोकरीचं जे व्हायचं ते होवो. पण हात जोडाचेच असतीन तं ते मी वहिनीले जोडीन. तुमच्यासाठी त्यायले पुन्हा कोणासमोर जोडू देणार नाई.

तुमाले तोंड दाखवायच्या लायकीचा नसलेला,
तुमचाच
प्रवीण