कड्याच्या वाटेवरची भेग

८ जानेवारी

शर्यतीचा मार्ग आज नक्की केला. सहाला बंदरापासून निघाले, सव्वासातला परत. बरोबर दहा किलोमीटर. शेवटचे चाळीस मीटर भरेनात, म्हणून मासळीबाजाराला एक फेरी मारली. बंदर, मग दीपगृहाच्या पायऱ्या, मग कड्यावरून तीन किलोमीटर. डाव्या हाताला समुद्र, उजवीकडे नुसतं गवत. त्या तीन किलोमीटरांत पाय आपोआप लांब पडतात, दम लागलेला कळतच नाही.

नणंदेला फोन केला. "वहिनी, बस्स. हाच. लोक याच्यासाठीच येणार आहेत." चार वर्षं ती या शर्यतीच्या मागे लागली आहे. घटस्फोटानंतर घराबाहेर पडली ती पहिल्यांदा पळायलाच, माझ्यामागे धापा टाकत. आता चारशे जणांनी नावं दिलीत. तेवीस फेब्रुवारी!

१३ जानेवारी

आज मान खाली घालून पळत होते म्हणून दिसली. दीपगृहाच्या पुढे, गवतात, एक भेग. कड्याच्या काठाला समांतर, काठापासून आठ-दहा पावलांवर. दोन बोटं जातील एवढी. वाटेच्या उजव्या हाताला — म्हणजे आपली वाट भेग आणि समुद्र यांच्या मधे. मी तिथून पुढे पळत गेले, परत आले, आणि मग हे डोक्यात शिरलं.

बाकावर मास्तर होते. निवृत्त पोस्टमास्तर, रोज उजाडताच तिथे येऊन बसतात. मी त्यांना भेग दाखवली. "जमीन आहे, भेगाळायचीच. मी तुझ्या वयाचा होतो तेव्हापासून ही आहे." नाही. आतली माती ओली होती, गडद. भेगेच्या कडा नुकत्याच मोडलेल्या पावासारख्या. जुनी भेग अशी नसते.

१४ जानेवारी

भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकला. कामावरचा कॅलिपर पिशवीत टाकून नेला होता. माझं काम कवळ्या बनवण्याचं — केसाएवढा फरक पडला तर म्हातारी माणसं चार दिवस जेवत नाहीत, आणि पाचव्या दिवशी येऊन भांडतात. मोजायचं मला कुणी शिकवायला नको.

खिळ्यापासून खिळा : १०४.२ मिलिमीटर.

२० जानेवारी

१०६.

२५ जानेवारी

दोन दिवस अवकाळी पाऊस. १०९.७.

२७ जानेवारी

अर्धी रजा टाकून नगरपालिकेत गेले. इंजिनिअरसाहेबांनी आकडे बघितले, मग कॅलिपर बघितला, मग हसले. "मॅडम, हे दात मोजायचं ना?" हो म्हटलं. "कडा शेकडो वर्षं उभा आहे. आणि शर्यतीला परवानगी तुम्हीच मागितली होती." तज्ज्ञाचा अहवाल मागवतो म्हणाले. किती दिवस? "दोन-एक महिने धरा."

जिना उतरताना लक्षात आलं, त्यांनी माझा कागद ठेवून घेतलाच नव्हता. तो माझ्याच हातात होता.

२९ जानेवारी

नणंद आली होती. ओट्याशी उभ्या उभ्याच तिला सांगितलं. आधी ती ऐकत होती.

"साडेपाच मिलिमीटर? म्हणजे नखाएवढं?"

"अकरा दिवसांत."

"पत्रकं छापून झालीत, वहिनी. त्यावर कड्याचाच फोटो आहे. तूच काढलेला."

मी म्हटलं, फोटो राहू दे, मार्ग बदलू. ती बराच वेळ पेला विसळत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "एकदा काहीतरी माझं सरळ पार पडत होतं." आणि गेली. चहा तसाच.

नवरा म्हणाला, "दोघींचंही बरोबर आहे." वीस वर्षांत या वाक्याचा कुणाला काडीचा उपयोग झालेला नाही.

३ फेब्रुवारी

११८. आता पंजा आत जातो.

नणंदेला अक्षरशः हाताला धरून नेलं. वाटभर तोंड फुगलेलं. भेगेजवळ मी तिला म्हटलं, हात घाल. तिने मनगटापर्यंत घातला आणि झटकन काढला. आतून गार वारा येतो. माती आहे, खाली दगड आहे, तर वारा कुठून येतो?

मी एक खडा सोडला. दोघी वाकून ऐकत राहिलो. तो आपटल्याचा आवाज काही आला नाही.

परतताना ती फाटकापाशी थांबून म्हणाली, "नवा मार्ग काढ. पण लोकांना तूच सांगायचं."

६ फेब्रुवारी

नवा मार्ग : बंदर, दवाखान्याची मागची भिंत, शाळेचं मैदान, आमची गल्ली, पाण्याची टाकी, परत बंदर. दोन फेऱ्या मारल्या की दहा किलोमीटर. समुद्र फक्त सुरुवातीला आणि शेवटी. कुरूप आहे. पण पायाखाली पक्का रस्ता आहे, आणि आज कितीतरी दिवसांनी मी खाली न बघता पळाले.

सासूबाई तेवढ्या खूश. "बरं झालं. मला बसल्या जागी शर्यत दिसेल."

कड्याच्या वाटेवर दोरी बांधून पाटी लावली. मी तिथे असतानाच मास्तर आले, धोतर सावरून दोरी ओलांडली आणि बाकावर जाऊन बसले. बाकही भेगेच्या पलीकडेच आहे.

२३ फेब्रुवारी

शर्यत झाली. तीनशे एक्क्याऐंशी जण पळाले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला "हळू रे, हळू" करत होत्या.

बक्षीस घेताना पहिला आलेला गडी माईकवर म्हणाला, "समुद्र बघायला आलो होतो, दवाखान्याची मागची बाजू बघून चाललो." सगळे हसले. नणंदही हसली. मला तिचं हसू ओळखता येतं — ते हसू नव्हतं.

संध्याकाळी बंदरावरून बघितलं. कडा जिथल्या तिथे. उन्हात सोन्यासारखा.

२४ फेब्रुवारी

कडा उभा. नणंदेचा फोन नाही.

१ मार्च

१३१. आता मोजायला कॅलिपर कशाला, लांबूनच दिसतं.

मास्तरांना हात जोडले. म्हटलं, दीपगृहाच्या ओट्यावर बसा, तिथूनही हाच समुद्र दिसतो. म्हणाले, "तुझी शर्यत झाली ना? मग आता माझ्या बाकाचं काय घेऊन बसलीस?" मिस्कील बोलतात, मला हसू आलं. कामाला उशीर होत होता. निघाले.

६ मार्च

पावणेसातला. मी दीपगृहाच्या पायऱ्यांवर होते.

स्फोटासारखा आवाज नव्हता. ट्रकमधून खडी ओततात तसा, पण संपेचना. पायऱ्या पायाखाली थरथरल्या. मग धूळ. मग सगळे पक्षी एकदम समुद्राकडे.

धूळ बसली तेव्हा वाट दीपगृहापासून शंभर पावलांवर संपली होती. पलीकडे नुसतं आकाश. बाक नव्हता.

इतकी वर्षं पळते आहे. पाऊल उचललं गेलं नाही.

७ मार्च

मच्छीमारांनी मास्तरांचा देह दुपारी बाहेर काढला. त्यांची मुलगी पहाटेच परगावाहून आली होती. मला म्हणाली, "बाबा सांगायचे, एक पळणारी बाई रोज माझ्याशी भांडते." एक तारखेला मला उशीर होत होता, एवढंच खरं.

इंजिनिअरसाहेब घरी आले. बस म्हटलं तरी बसले नाहीत. त्यांना माझे आकडे हवे होते. मी वही दिली.

नणंद संध्याकाळी आली. दारातच मिठी मारली, सोडेना. "चारशे जण, वहिनी. चारशे जण असते." गल्लीतले येऊन येऊन सांगतायत, तुमच्यामुळे वाचलो. कुणी हार घेऊन आलं, तो नवऱ्याने परत पाठवला. फार बरं केलं त्याने.

१० मार्च

सरकारी भूगर्भतज्ज्ञ आल्या आहेत. बारीक केसांच्या, मितभाषी. माझी वही पहिल्या पानापासून वाचली. हसल्या नाहीत. "चोख मोजलंय," म्हणाल्या. मला रडू आलं, का कोण जाणे.

मग विचारलं, "आणि गावाच्या बाजूला? तिकडे कुठे मोजलंत?"

म्हटलं, तिकडे कशाला? त्यांनी वही मिटली. दोन माणसं आणि यंत्रं घेऊन दवाखान्याच्या दिशेने गेल्या.

१३ मार्च

तज्ज्ञबाई म्हणाल्या, पडला तो नुसता काठ. खरी भेग जमिनीखाली आहे, वरून दिसतच नाही — दवाखान्याखालून शाळेच्या मैदानाकडे, तिथून टाकीच्या पलीकडे. संध्याकाळच्या आत घरं रिकामी करायची आहेत. सासूबाईंना उचलून न्यायला गाडी आली आहे.

मी नकाशावर आमची गल्ली विचारली. बाईंनी बोट ठेवलं. भेगेच्या अलीकडे, समुद्राच्या बाजूला. माझा नवा मार्ग जवळजवळ सगळा त्याच बाजूला आहे.