धुळाजीची मेंढरं

१० एप्रिल २०२५
ज्वारी निघाली, रान मोकळं झालं. आता धुळाजी धनगर यायचा. दरसाल त्याची मेंढरं आमच्या रानात रात्री बसतात – आम्हाला खत, त्याला ज्वारी. नातू अमरसिंहला म्हणालो, पोतं काढून ठेव. तर म्हणतो, "आबा, औंदा त्यांची मेंढरं नकोत. इलेक्शनात मराठा-ओबीसी झालं, तवापासून गावानं ठरवलंय." गावानं! मला कुणी विचारलं?

१३ एप्रिल
रझाकारांची धाड आली तेव्हा मी आठ वर्षांचा. बापानं रानात पळवलं. धुळाजीच्या आईनं, साखराबाईनं, मला कोकरांत निजवलं, वर घोंगडं टाकलं. घोडेस्वारांनी विचारलं तर म्हणाली, "कोकरं हायत, साहेब. आजारी हायत." तो घोंगड्याचा वास अजून नाकात आहे. चांगला होता असं म्हणवत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात त्यांची निम्मी मेंढरं मेली, उरलेली आमच्याच रानात बसली. किल्लारीच्या भूकंपानंतर पुढच्या उन्हाळ्यातही घरात झोपायची छाती नव्हती. धुळाजीच्या पालाशेजारीच बाजा टाकल्या. करोनात गावानं वेशीवर काट्या लावल्या, तर हा ओढ्यातून आला. हे सगळं अमरसिंहला सांगितलं. तो मोबाइल बघत होता.

१९ एप्रिल
आज आवाज चढवला. सातबारा अजून माझ्या नावावर आहे म्हणालो.

२२ एप्रिल
युसूफ वडगावच्या बाजारात धुळाजी भेटला. म्हणालो, ये बिनघोर, कोण अडवतो बघतो. तो खालीच बघत राहिला. "आश्रुबा पाटील, आमच्यावाल्यांनीबी ठरवलंय. तुमच्या रानात बसलो तर मोहिनीच्या लग्नाला कुणी यायचं न्हाई." मोहिनी त्याची नात.
चहा पाजायचा होता. कुणाच्या हॉटेलात जावं, दोघांनाही कळेना. तसेच उभे राहिलो आणि मग तो गेला.

२३ एप्रिल
जेवण गेलं नाही. लई वाईट वाटतंय.

२७ एप्रिल
उजाडता रानात गेलो. वावरभर ताज्या लेंड्या, अजून ओल्या. धुळाजी रात्री गुपचूप मेंढरं बसवून, दिसायच्या आत उठवून गेला. ज्वारीही न घेता.
बांधावर बसून रडलो. मग ट्रॅक्टरवाल्याला फोन केला – आत्ताच्या आत्ता ये, नांगर घाल. कुणाच्या नजरेला पडायला नको.