फिल्म संपली तरी धवला चालूच

मुरुड, ४ नोव्हेंबर १९६१

प्रिय शिवदास,

‘प्रिय’ लिहिलं ते रीत म्हणून, हुरळून जाऊ नकोस. सोडचिठ्ठीसाठी हे माझं तिसरं पत्र. पहिल्याला तू उत्तरच दिलं नाहीस. दुसऱ्याला दिलंस ते असं, की केसर, तू माझी सिनेमातली बायको, सोडचिठ्ठीही पुढच्या सिनेमातच देईन. मुंबईत तुझे मित्र हसले असतील. मी ते पत्र चुलीत घातलं.

आपल्याच कोळीवाड्यातला मुलगा सिनेमा काढतोय म्हणून आम्ही केवढे हरखलो होतो! उसना कॅमेरा, पाच माणसं आणि ऑफिसातल्या कारकून-टायपिस्टच्या प्रेमाची विनोदी गोष्ट. दोघं घरच्यांना चुकवून पळतात आणि कोळीवाड्यात लग्न लावतात. तुझी मुंबईची नायिका लाँचमध्ये ओकून ओकून आडवी झाली, तेव्हा पदर पुढे ओढून तू मला तिच्या जागी उभं केलंस. नायक तूच, कारण फुकट मिळणारा तेवढाच. लग्न लावायला भटजी नव्हे, तर आपल्या रीतीने लग्नाची गाणी, म्हणजे धवला, गाऊन लग्न लावणाऱ्या सोनाबाई धवलारणीला आणलंस आणि दोन ओळी म्हणा म्हणालास. पण देवांना आवतण देऊन सुरू केलेला धवला ती मध्येच तोडणार कशी? कॅमेऱ्यातली फिल्म संपली तरी तिचं गाणं चालूच. बायकांनी हळद लावली, अक्षता पडल्या. तू हसत होतास. मीही हसले, खोटं कशाला सांगू? नंतर हे लग्न खरं का, असं जातीच्या पंचांनी विचारलं तेव्हा सोनाबाई एवढंच म्हणाली, “धवला पुरा झाला त लगीन झाला. देवाला खोटा कसा सांगू?”

भिकूशी माझं ठरत आलं होतं, हे तुला ठाऊक होतं. पंच म्हणाले, शिवदासची सोडचिठ्ठी आण, मग खुशाल लग्न कर. भिकूने दोन वर्षं कळ काढली. अलिबागला तुझा सिनेमा लागला तेव्हा आम्ही दोघं गेलो होतो. लग्नाचा प्रसंग जेमतेम अर्धं मिनिट, पण सगळं थिएटर पोट धरून हसलं. भिकू उठून बाहेर गेला. मला तुझा राग आला, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा.

मंगळवारी वादळात त्याची होडी फुटली. तो काशीदच्या वाळूवर सापडला. मी धावले, तर बायकांनी मला धरून मागे ओढलं. “तुजा दादला मुंबईला जिता हाय, परक्यासाठी कुकू पुसू नको,” म्हणाल्या. त्याच्या तोंडात पाणीसुद्धा मला घालू दिलं नाही. आजही कपाळावर कुंकू आहे, आणि तेही तुझ्या नावाचं. मी पंचांच्या पाया पडले. बाराव्याच्या आत तुझी चिठ्ठी आली तर भिकूच्या नावाने ते पुसायला त्यांची ना नाही. शिवदास, लग्नासाठी नाही रे मागत आता. एक ओळ लिही आणि आजच टपालात टाक. मला भिकूची विधवा होऊ दे.

तुझी म्हणवली जाणारी,
केसर